कर भरायचा तो कशासाठी? – फ्रान्सिस पर्किन्स यांची जीवनकथा



मागे एकदा पाचवीच्या वर्गात ग्रामपंचायत शिकवत होते. घरपट्टी, पाणीपट्टी सांगून झाली. हे पैसे रस्ते, दिवे, पाणी यांसाठी वापरतात हेही फळ्यावर लिहून झालं. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. तिची आजी आयुष्यभर शेतमजुरी करून आता थकली आहे, तर या पैशांतून आजीला काही मिळतं का, असा तिचा प्रश्न होता. मी श्रावणबाळ योजनेचं नाव सांगितलं आणि पुढचा मुद्दा घेतला. पण घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हातारपण, आजारपण, बेकारी ही ज्याची त्याची अडचण, की त्यात सरकारचीही काही जबाबदारी आहे? आणि असेल तर त्यासाठी पैसा कोणी द्यायचा?

हाच प्रश्न एका देशाच्या सरकारपुढे नेऊन त्याचं उत्तर कायद्यात लिहून घेणाऱ्या एका बाईंची गोष्ट आज सांगणार आहे. त्या अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला, फ्रान्सिस पर्किन्स. आणि हो, त्यांच्याही नोकरीची सुरुवात शिक्षिका म्हणूनच झाली होती!

बालपण आणि शिक्षण

त्यांचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बोस्टन शहरात झाला. पाळण्यातलं नाव फॅनी. घराणं मूळचं मेन राज्यातलं. वडिलांचं वुस्टर या गावी कागद आणि लेखनसाहित्याचं दुकान होतं. घर खाऊनपिऊन सुखी, धार्मिक आणि शिस्तीचं. गरीब माणसं आळशी असतात, दारू पितात, म्हणून गरीब राहतात असं त्या काळच्या अनेक सुखवस्तू घरांत मानलं जाई. फॅनीच्या घरातही तसंच होतं. पण चांगली, कष्टाळू माणसंसुद्धा गरीब का असतात, हा प्रश्न तिला लहानपणापासून पडायचा.

पुढे ती माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात गेली. रसायन आणि भौतिकशास्त्र हे तिचे विषय. शेवटच्या वर्षी तिने अमेरिकेच्या आर्थिक इतिहासाचा एक विषय घेतला. तो शिकवणाऱ्या बाईंनी मुलींना नुसतं पुस्तक वाचायला लावलं नाही. त्यांनी मुलींना जवळच्या गिरण्यांमध्ये पाठवलं आणि तिथे कामगार कसे राहतात, किती तास राबतात, हे बघून लिहून आणायला सांगितलं. आपण ज्याला क्षेत्रभेट म्हणतो ना, तेच हे.

या एका क्षेत्रभेटीने मुलीचं आयुष्य बदललं. तिथे तिला दिसलं की एखाद्या कामगाराचा हात यंत्रात गेला की सगळं घर उघड्यावर पडतं. तो आळशी नसतो, दारुडा नसतो, तरीही. लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर तिला घरात मिळालं नव्हतं, ते गिरणीत मिळालं. १९०२ मध्ये ती पदवीधर झाली.

शिक्षिका ते समाजसेविका

१९०४ मध्ये शिकागोजवळच्या लेक फॉरेस्ट इथल्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवू लागल्या. याच सुमारास त्यांनी फॅनी हे नाव सोडून फ्रान्सिस हे नाव घेतलं. सुट्टीच्या दिवशी त्या शिकागोच्या गरीब वस्तीत जायच्या. तिथे जेन अॅडम्स यांनी सुरू केलेलं हल हाउस हे सेवाकेंद्र होतं. परदेशातून आलेल्या मजुरांचे पगार मालक बुडवायचे. ते वसूल करून आणायला पर्किन्सबाई मालकांच्या दारात उभ्या राहायच्या.

नंतर त्या फिलाडेल्फियाला गेल्या. कामाच्या शोधात शहरात उतरणाऱ्या परदेशी आणि कृष्णवर्णीय मुलींना खोट्या नोकरीचं आमिष दाखवून फसवणारे दलाल तिथे होते. त्यांच्याविरुद्ध त्यांनी काम केलं. मग न्यूयॉर्कला येऊन वस्तीतल्या मुलांच्या कुपोषणावर अभ्यास केला आणि १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली.

हे विद्यापीठ आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकायला तिथेच गेले. पुढे १९४२ ते १९४५ या काळात पर्किन्सबाई अमेरिकेच्या मजूरमंत्री होत्या, तेव्हाच बाबासाहेब भारतात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. दोघांची भेट झाली की नाही हा मुद्दा वेगळा, पण एकाच विद्यापीठात शिकलेली दोन माणसं एकाच वेळी दोन देशांतल्या कामगारांच्या प्रश्नांवर काम करत होती, हे मुलांना जरूर सांगावं.

२५ मार्च १९११

तो शनिवार होता. पर्किन्सबाई न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका मैत्रिणीकडे चहाला गेल्या होत्या. बाहेर आगीच्या बंबांचा आवाज आला म्हणून सगळ्या धावत बाहेर आल्या. समोरच्या दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांना आग लागली होती. तिथे ट्रायँगल नावाचा बायकांचे ब्लाउज शिवणारा कारखाना होता. कामाला बहुतेक सगळ्या तरुण मुली, इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या.

नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. कामगारांनी माल चोरून नेऊ नये, मध्येच बाहेर जाऊ नये, म्हणून मालकांनी ही पद्धत ठेवलेली. अग्निशमन दलाच्या शिड्या आल्या, पण त्या सहाव्या मजल्याच्या आसपासच संपत होत्या. मुलींनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या. हे सगळं पर्किन्सबाईंनी रस्त्यावर उभं राहून डोळ्यांनी पाहिलं. त्या आगीत १४६ जण मेले. कारखान्याच्या मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

मित्रांनो, या प्रसंगापाशी जरा थांबूया. शहर हळहळलं, लोकांनी वर्गणी गोळा केली, मोठी शोकयात्रा निघाली. आपल्याकडेही दुर्घटना घडली की असंच होतं. पण पर्किन्सबाईंना कळलं की वर्गणीने कुलूप उघडत नाही. दार उघडं ठेवायला मालकाला भाग पाडायचं तर कायदा हवा. आणि कायदा पाळला जातो की नाही हे बघायला निरीक्षक हवेत, निरीक्षकांना पगार हवा. म्हणजे सरकार हवं, आणि सरकारला पैसा हवा.

कायदे करणाऱ्यांना शाळा

आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघंही राजकारणी. पर्किन्सबाईंनी कॉलेजातल्या आपल्या बाईंचीच युक्ती इथे वापरली. या पुढाऱ्यांना त्यांनी क्षेत्रभेटीला नेलं! रात्रपाळी करून पहाटे थकून बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या. कॅनिंगच्या कारखान्यात काम करणारी लहान लहान मुलं दाखवली. आग लागल्यावर बाहेर पडायची वाट म्हणून जे भोक ठेवलं होतं, त्यातून चक्क वॅग्नरसाहेबांना सरपटत बाहेर पडायला लावलं.

अहवाल वाचून जे झालं नसतं ते बघून झालं. पुढच्या काही वर्षांत आग प्रतिबंध, उघडे दरवाजे, स्वच्छतागृहं, कामाचे तास, बालमजुरी यांवर तिथे तीसपेक्षा जास्त कायदे झाले.

१९१२ मध्ये स्त्रियांच्या कामाला आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घालणारा कायदा मंजूर झाला. त्यातून कॅनिंगच्या कारखान्यांतल्या बायकांना वगळलं होतं. अनेक सहकाऱ्यांना ही तडजोड आवडली नाही. पण काहीच न मिळण्यापेक्षा बहुतेकींना तरी आज मिळू दे, उरलेलं नंतर भांडून घेऊ, असा बाईंचा हिशोब होता. त्यांची ही सवय लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९१३ मध्ये त्यांचं लग्न अर्थतज्ज्ञ पॉल विल्सन यांच्याशी झालं. लग्नानंतरही त्यांनी माहेरचं नाव ठेवलं. १९१६ मध्ये मुलगी झाली. पण पुढे थोड्याच वर्षांत पतीला मानसिक आजार जडला आणि तो कायमचा राहिला. घराचा सगळा भार बाईंवर आला. म्हणजे कमावता माणूस आजारी पडला की घराचं काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज राहिली नाही.

अल स्मिथ राज्याचे गव्हर्नर झाल्यावर १९१९ मध्ये त्यांनी बाईंना औद्योगिक आयोगावर नेमलं. नंतरचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९२९ मध्ये त्यांच्याकडे राज्याचं सगळं मजूर खातं दिलं.

महामंदी आणि मंत्रिपद

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. आयुष्यभर काटकसर करून बँकेत पैसे ठेवलेली म्हातारी माणसं एका दिवसात कंगाल झाली. त्या काळी देशपातळीवर ना बेकारभत्ता होता, ना वृद्धांना पेन्शन. काही राज्यांत थोडीफार मदत मिळे. नाहीतर मुलांच्या दारात जायचं, धर्मादाय संस्थेकडे हात पसरायचा, किंवा सरकारी गरीबखान्यात राहायचं. गरीबखान्यात जाणं म्हणजे मोठी नामुष्की.

१९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी पर्किन्सबाईंना मजूरमंत्री व्हायला सांगितलं. बाईंनी लगेच होकार दिला नाही. आधी आपल्या कामांची यादी त्यांच्यासमोर ठेवली. त्यात किमान वेतन, ४० तासांचा आठवडा, बालमजुरीवर बंदी, बेकारी विमा, वृद्धांना पेन्शन आणि आरोग्य विमा होता. हे करायची तयारी असेल तरच मी येते, अशी त्यांची अट होती. रूझवेल्टनी मान्य केलं आणि अमेरिकेच्या मंत्रिमंडळात पहिल्यांदा एक बाई बसली.

खरी अडचण: अधिकार कुठून आणायचा?

आता आपल्या विषयाचा गाभा येतो. जून १९३४ मध्ये रूझवेल्टनी आर्थिक सुरक्षा समिती नेमली आणि पर्किन्सबाईंना अध्यक्ष केलं. पेन्शन आणि बेकारभत्ता द्यायचा हे ठरलं. पण अमेरिकेच्या राज्यघटनेत केंद्र सरकारला मोजकेच अधिकार दिलेले आहेत आणि त्यात पेन्शनचा शब्दही नाही. सर्वोच्च न्यायालय तर नव्या कायद्यांकडे संशयानेच बघत होतं. कायदा केला आणि न्यायालयाने रद्द केला, तर सगळी मेहनत पाण्यात.

याच काळात एका चहापानाला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांच्याशी बाईंची गाठ पडली. बाईंनी आपली अडचण बोलून दाखवली. न्यायमूर्तींनी हळूच सुचवलं की सरकारला कर बसवायचा अधिकार आहे, त्यात सगळं बसतं. बास! वाट सापडली. देशाच्या सर्वसाधारण कल्याणासाठी कर घ्यायचा आणि खर्च करायचा हा अधिकार घटनेत आधीपासूनच होता. पेन्शनचा पायाच करावर घालायचा असं ठरलं.

मग हा कर कसा असावा यावर समितीत वाद झाला. श्रीमंतांच्या प्राप्तिकरातून सरकारनेही यात पैसे घालावेत असं काहींचं मत होतं. रूझवेल्टना मात्र कामगाराच्या पगारातून थोडं आणि मालकाकडून तेवढंच अशी पद्धत हवी होती. त्यामागे त्यांचा विचार असा की ज्याने स्वतः दरमहा पैसे भरले त्याला पेन्शन ही भीक वाटणार नाही, हक्क वाटेल. आणि लोकांचा हक्क पुढचा कुठलाही पुढारी काढून घेऊ शकणार नाही.

समितीचं घोडं अडलेलं असताना १९३४ च्या नाताळच्या सुमारास बाईंनी सगळ्या सदस्यांना आपल्या घरी बोलावलं, फोन बंद केला आणि निर्णय झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही असं सांगितलं. पहाटेपर्यंत बसून मसुदा ठरला. संसदेच्या सिनेटमध्ये हे विधेयक मांडलं ते रॉबर्ट वॅग्नर यांनी, म्हणजे त्या भोकातून सरपटलेल्या वॅग्नरसाहेबांनीच.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी रूझवेल्टनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. त्या वेळच्या फोटोत बाई त्यांच्या मागे उभ्या आहेत. त्याच दिवशी त्यांना निरोप आला होता की न्यूयॉर्कमध्ये त्यांचे आजारी पती बेपत्ता झालेत. सहीचा समारंभ संपला आणि बाई गाडी पकडून पतीला शोधायला निघाल्या. ते सुखरूप सापडले.

पैसा कसा जमायचा, कसा मिळायचा?

जानेवारी १९३७ पासून कपात सुरू झाली. पगाराचा १ टक्का कामगाराने आणि १ टक्का मालकाने भरायचा, तोही वर्षाच्या पहिल्या ३,००० डॉलरवर. जमलेल्या पैशांतून वृद्धांना पेन्शन. न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा योग्य ठरवला. कराची वाट खरी ठरली.

पहिली मासिक पेन्शन १९४० च्या जानेवारीत व्हरमाँट राज्यातल्या आयडा मे फुलर यांना मिळाली, २२ डॉलर ५४ सेंट. त्याही कधीकाळी शाळेत शिकवत असत! तीन वर्षांत त्यांच्या पगारातून फक्त २४ डॉलर ७५ सेंट कापले गेले होते. त्या शंभर वर्षं जगल्या आणि एकूण २२ हजारांहून जास्त डॉलर त्यांना मिळाले. इथे मुलं लगेच विचारतील की मग वरचे पैसे आले कुठून? तर ते तेव्हा काम करणाऱ्या तरुण कामगारांच्या कपातीतून आले. आजच्या पिढीने कालच्या पिढीला सांभाळायचं आणि उद्याच्या पिढीने आजच्या, अशी ही साखळी आहे. कमावणारे कमी आणि वृद्ध जास्त झाले की साखळीवर ताण येतो. अमेरिकेत आज जो वाद चालतो त्याचं मोठं कारण हेच.

आमच्यासारख्या २००५ च्या नोव्हेंबरनंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांना हा विषय काही परका नाही. पगारपत्रकात अंशदानाची कपात दर महिन्याला दिसते. जुनी पेन्शन की अंशदायी, यावर स्टाफरूममध्ये रोज चर्चा होते. आपल्या खात्यात आपलेच पैसे साठवायचे, की सगळ्यांनी मिळून सगळ्यांची जबाबदारी घ्यायची, हा तोच जुना प्रश्न आहे.

जे राहून गेलं

चरित्र सांगताना नुसता गौरव करून चालत नाही. या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या होत्या. त्या काळी अमेरिकेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. म्हणजे ज्यांना आधाराची सगळ्यात जास्त गरज, तेच बाहेर राहिले. माझ्या वर्गातल्या त्या मुलीची आजी तेव्हा अमेरिकेत असती तर तिला या पेन्शनमधून एक सेंटही मिळाला नसता. १९५० च्या दशकात कायदा बदलून त्यांना हळूहळू आत घेतलं गेलं. तडजोडीची किंमत नेहमी दुसराच कोणीतरी मोजतो, हेही पर्किन्सबाईंच्या आयुष्यातून शिकण्यासारखं आहे.

दुसरी टीका कराच्या पद्धतीवर झाली. ठरावीक रकमेपर्यंतच्या पगारावरच कपात असल्यामुळे गरिबाच्या सगळ्या कमाईवर ती लागते आणि श्रीमंताच्या थोड्या भागावर. ही टीका आजही होते.

आणि यादीतला आरोग्य विमा? डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध एवढा होता की त्यामुळे सगळं विधेयकच बुडेल अशी भीती वाटली. तो मुद्दा बाजूला ठेवावा लागला.

तरी यादीतली बाकीची कामं होत गेली. १९३८ च्या कायद्याने तासाला २५ सेंट किमान वेतन ठरलं, कामाच्या तासांना मर्यादा आली आणि कारखान्यांतल्या बालमजुरीला आळा बसला. या वाटेत बाईंना त्रासही भरपूर झाला. एका परदेशी कामगार पुढाऱ्याला देशाबाहेर हाकललं नाही म्हणून १९३९ मध्ये त्यांच्यावर महाभियोगाचा ठराव आणला गेला. पुरावा नव्हता, ठराव बारगळला. पण बदनामी झालीच.

पुन्हा वर्गात

१९४५ मध्ये बाईंनी मजूरमंत्रिपद सोडलं. सलग बारा वर्षं त्यांनी ते सांभाळलं होतं. नंतर त्यांनी काही वर्षं सरकारी सेवा आयोगावर काम केलं आणि पतीच्या मृत्यूनंतर आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात कॉर्नेल विद्यापीठात शिकवलं. ऐंशीच्या घरातल्या या बाई तिथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, विद्यार्थ्यांबरोबर राहायच्या. जिथून सुरुवात केली होती त्या वर्गातच त्यांचा शेवटचा काळ गेला.

१४ मे १९६५ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ३० जुलै १९६५ रोजी, अमेरिकेत वृद्धांसाठी सरकारी आरोग्य विम्याचा कायदा झाला. १९३३ च्या यादीतला राहिलेला मुद्दा वृद्धांपुरता का होईना पूर्ण झाला, पण तो बघायला बाई नव्हत्या. आज त्यांच्या पेन्शन योजनेचा लाभ सहा कोटींहून जास्त लोक घेतात. वॉशिंग्टनमधल्या मजूर खात्याच्या इमारतीला त्यांचं नाव दिलेलं आहे.

वर्गात हा पाठ असा घेता येईल

• मुलांना घरची घरपट्टीची पावती बघायला सांगावी. (आणायला लावू नये, हरवते!) त्यावर कोणकोणत्या नावाने पैसे घेतलेत ते वहीत लिहावं.
• घरातल्या किंवा शेजारच्या एका वयस्कर माणसाशी बोलून, त्यांनी आयुष्यात काय काम केलं आणि आता त्यांना आधार कशाचा आहे, हे पाच ओळींत लिहावं.
• मोठ्या वर्गात चर्चा घ्यावी: म्हाताऱ्या माणसांना सांभाळणं हे काम कोणाचं? मुलांचं, समाजाचं की सरकारचं? उत्तर एकच नाही, हे आधीच सांगावं.
• गणितात टक्केवारीसाठी हेच उदाहरण घ्यावं. महिन्याला १०० डॉलर पगार, १ टक्का कपात, मालकाचे तेवढेच. तीन वर्षांत किती जमतील?

पालकांना एक विनंती. घरी कराचा विषय निघतो तो बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात. तक्रार करायला कारणंही असतात, ते मी नाकारत नाही. पैसा नीट वापरला जातो का हे विचारलंच पाहिजे. पण मुलांसमोर त्याची दुसरी बाजूही कधीतरी बोलून दाखवा. ज्यांना आपण ओळखतही नाही अशा माणसांच्या अडचणीच्या दिवसासाठी आपण थोडे पैसे बाजूला काढतो, त्यालाही करच म्हणतात.

मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी पर्किन्सबाईंची ही गोष्ट थोडक्यात सांगितली. तिने ती आजीला सांगितली म्हणे. आता आजीचा श्रावणबाळचा अर्ज भरायचा आहे. कागदपत्रांची यादी मी तिच्या वहीत लिहून दिली आहे.